गिटारीतली गळती

आमचे घरमालक दोन घरं पलीकडचा नळ टपकतोय हे स्वतःच्या गॅलरीतून ओळखायचे. थाप मारत नाही मी. बनियनवर उभे असायचे, एकदम मान तिरपी व्हायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मास्तरांची मोरी. वायसर गेलं." मग तसेच बनियनवर जाऊन मास्तरांची बेल दाबायचे. दार उघडणाऱ्याला नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुमचं पाणी चाललंय," एवढं सांगून परत. लोक वैतागायचे, पण आत जाऊन बघितलं की वायसर खरंच गेलेलं असायचं, म्हणून तोंडावर कोणी काही बोलत नसे.

मी त्यांना काका म्हणायचो. पाटबंधारे खात्यात त्यांनी जन्मभर कारकुनी केली होती आणि रिटायर होताना खात्याची सगळी भाषा घरी उचलून आणली होती. दुपारची डुलकी लागली तर 'मृत साठ्यात गेलो होतो' म्हणायचे. पाहुणे जरा जास्त रेंगाळले की स्वयंपाकघरात जाऊन काकूंना हळूच विचारायचे, "विसर्ग कधी?" गल्लीतल्या कोणाच्या पोराला नोकरी लागली की तो 'लाभक्षेत्रात आला'. हे सगळं एकदम गंभीर चेहऱ्यानं. काका विनोद करतायत की नाही, हे मला ती खोली सोडेपर्यंत नीट कळलं नाही.

मी मूळचा कन्नड तालुक्यातला. वाळूजला एका कारखान्यात लागलो आणि खोली शोधत शोधत पुंडलिकनगरात त्यांच्या दारात उभा राहिलो. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गिटारची लांबडी काळी पेटी. त्यांनी पेटीकडे बोट केलं.

"त्यात काय?"

"गिटार आहे काका. इलेक्ट्रिक."

"विजेवर चालतं?"

"हो."

"पाणी लागतं का त्याला?"

"नाही."

"मग आण वर," म्हणाले, आणि वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. आधीच्या भाडेकरूला त्यांनी रोज डोक्यावरून अंघोळ करतो म्हणून काढलं होतं, हे मला नंतर काकूंकडून समजलं.

दुष्काळाची वर्षं होती ती. संभाजीनगर चहूबाजूंनी वाढत होतं, शेतांचे प्लॉट पडत होते, प्लॉटांवर इमारती उठत होत्या, आणि नळाला पाणी कधी येईल ते कोणीच छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं. प्रत्येक घरापुढं निळे ड्रम. कुठं ना कुठं बोअरची गाडी घरघरत असायची. अशा दिवसांत काकांना जे सुचायचं ते दुसऱ्या कोणाला सुचत नसे. त्यांच्या घरात पाणी एकदा वापरून सुटत नव्हतं. तांदळाचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फडक्यांना, फडक्यांचं आणखी कशाला. पाण्याला मोक्ष मिळायचा तो शेवटी संडासातच. त्या वर्षी तर त्यांनी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाला स्वतःच्या हातानं पाइप जोडला. कपड्यांचं पाणी आधी तिथंच कडुनिंबाच्या बुडाशी मुरायचं, ते त्यांनी ड्रममध्ये वळवलं. "मुरलं ते हरवलं," असं म्हणून त्यांनी पाइपाला सिमेंट लावलं आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पाइप दाखवला.

आता माझ्या भानगडीविषयी. मला मेटल वाजवायचं होतं. मेटल म्हणजे ती दणदणीत, फाटक्या आवाजाच्या गिटारची गाणी. माझे वडील त्याला 'वेल्डिंग' म्हणायचे. आमचा ड्रम वाजवणारा दोस्त नोकरीसाठी पुण्याला गेला होता, त्यामुळं तो तिकडं आपला भाग वाजवून पाठवायचा आणि मी इकडं घरीच गिटार रेकॉर्ड करायचो. गिटारची वायर कॉम्प्युटरला जोडायची, अँप्लिफायर कॉम्प्युटरच्या आतच असतो, त्यातून आवाज मुद्दाम फाडायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण जास्त फाडला तर चिखल होतो आणि कमी फाडला तर जीव राहत नाही. तळव्यानं तारा दाबून वाजवलं की घट्ट, कोरडा ठोका आला पाहिजे, आणि हात थांबला की त्या क्षणाला शांतता. ती शांतता हातात आली तर मेटल, नाहीतर नुसता गोंगाट. मी महिनोन् महिने त्या शांततेच्या मागं लागलो होतो.

पहिल्या दिवशी वाजवायला लागलो तर थोड्या वेळानं काका जिना चढून वर आले. दारातून आत डोकावले आणि त्यांचा चेहराच पडला. "अरे, तू होय? मला वाटलं शेजारी बोअर घेतायत. मी खाली वाट बघत बसलो, आता लागेल पाणी, मग लागेल." मला वाटलं, गेली खोली. पण ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "चालू दे. लागलं तर सांग."

तिथून पुढं ते रोज यायचे. सकाळी कामावर निघालो की कालव्याला पाणी सुटायची पाळी विचारावी तसं गॅलरीतून विचारायचे, "आज आवर्तन कधी?" मी म्हणायचो, "सहाला." मग सहाच्या आधीच खाटेवर येऊन बसायचे, पायात रबरी स्लिपर. त्या स्लिपर ते घरातसुद्धा काढायचे नाहीत. टाचा उललेल्या होत्या आणि फरशी लागते म्हणायचे. काकू त्यावरून रोज बोलायच्या आणि ते रोज ऐकून घ्यायचे.

गाण्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण आवाजाबद्दल मतं ठाम होती. मी आवाजाला जरा घुमारा चढवला की नाक मुरडायचे. "ओला दुष्काळ. सगळं वाहून गेलं, पीक कुठंय?" घुमारा काढून टाकला, आवाज फार सुका केला, की "कोरडा दुष्काळ. भेगा पडल्या." मी चिडायचो. म्हटलं, काका, तुम्हाला काय पाहिजे नक्की? तर म्हणाले, "पंचनामा करायला आलो नाही मी. तुला जे पाहिजे ते येत नाही, एवढं दिसतंय." आणि खरं तेच होतं. मी सगळीकडून शिकून घेतलेलं सगळं करून बघितलं होतं. फाडणं कमी केलं, खालचा गदगदाट कापला, एकच तुकडा दोनदा वाजवून एक डाव्या कानात आणि एक उजव्या कानात टाकला. ठोका सुधारला. पण हात थांबला की शांतता नाही. खाली एक घूंऽऽ चालूच.

ती घूं माझ्याआधी काकांनीच पकडली. हेडफोन कानाला लावून बसले होते, मान तिरपी झाली, डोळे मिटले. "तुझ्या वाजवण्यात गळती आहे."

"गळती नाही काका, हम म्हणतात त्याला."

"काहीही म्हण. गळतंय."

आणि मग त्यांना चैन पडेना. गळती म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. घरातला पंखा बंद करून ऐकायचे, ट्यूब बंद करून ऐकायचे, फ्रिज बंद करून ऐकायचे. मी नवीन वायर आणली, काही फरक नाही. गल्लीच्या तोंडाशी एक वायरमन चाचा होते, त्यांना बोलावलं. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं, समोरच्या नव्या इमारतीवरच्या मोबाइलच्या टॉवरकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, "उसका असर है जी. अपने हाथ में कुछ नै." त्यानंतर काका बरेच दिवस त्या टॉवरकडं असे बघायचे की बिचाऱ्याला लाज वाटावी.

हे सगळं चाललं होतं तेव्हा खाली घरात काय चाललंय हे मला माहीत होतं. काकूंचा उजवा हात बिघडला होता. काकू गल्लीभरच्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. पायानं चालवायचं जुनं लोखंडी मशीन होतं, त्याला मोटार बसवून घेतली होती. पुढच्या खोलीत सकाळपासून बसायच्या आणि त्यांचं बोलणं मशीनच्या वरताण चालायचं. मला जिन्यावरून जाताना थांबवून विचारपूस, खालूनच काकांना झापणं, सगळं त्या मशीनवरून. त्या घरात आवाज होता तो काकूंचाच. मग हाताचं सुरू झालं, बधिरपणा आणि मुंग्या. मानेची नस दबली म्हणून डॉक्टरांनी शिवण बंद करायला लावलं, गोळ्या दिल्या, इंजेक्शनं दिली. शिवण बंद केल्यावर जरा बरं वाटलं, म्हणजे नसच, असं डॉक्टर म्हणाले. पुन्हा मशीनवर बसल्या की पुन्हा तेच. मशीनवर कापड टाकून ठेवलं गेलं.

काकूंना नसबीस पटत नव्हतं. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "माझ्या गंगापूरच्या ताईचं असंच हातापासून सुरू झालं रे. मग उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. आता ती बोलती, पण काय बोलती ते कोनालाच कळत नाय. रडू येतं तिला." एवढंच बोलल्या आणि मेथी निवडायला लागल्या, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा. हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. तोंड वाकडं झालंय का हे त्या दिवसातून कितीदा तरी आरशात बघायच्या.

काका भाकरी थापायला शिकले. काकू खुर्चीत बसून सांगायच्या आणि ते परातीत पीठ मळायचे, पाणी मात्र मोजून. भाकऱ्या नकाशासारख्या व्हायच्या. मी त्यांना विचारलं, काय म्हणतात डॉक्टर? तर म्हणाले, "बघू." कुठला साठा नाही, कुठला विसर्ग नाही. या एका गोष्टीला त्यांच्याकडं खात्याचा एकही शब्द नव्हता, आणि तेव्हा मला कळलं की माणूस आतून पार घाबरलाय.

एका रविवारी दुपारी मी वर वाजवत बसलो होतो. काका खाटेवर होते, पण लक्ष नव्हतं. त्यांना जरा रमवावं म्हणून मीच गळतीचा विषय काढला. म्हटलं, "काका, एक गंमत बघा. तारांवर हात असला की ती घूं कमी होते, हात काढला की वाढते. आणि या कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला ना, की हाताला मुंग्या येतात."

काकांनी मान वर केली. "काय येतात?"

"मुंग्या."

"शॉक म्हण मग."

"शॉक बसला तर कळतो की. या बारीक बारीक. नुसत्या मुंग्या, मनगटापर्यंत."

काका उठून जवळ आले. डब्याला हात लावला. "काही नाही," म्हणाले. मग माझ्या अनवाणी पायांकडं बघितलं, आणि त्यांनी स्लिपर काढल्या. मी त्यांचे पाय फरशीवर पहिल्यांदाच बघितले. पुन्हा हात लावला. हात तसाच ठेवून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मला वाटलं चिकटले की काय. मग जिना उतरून खाली गेले, अनवाणी. मी मागोमाग.

काकू खुर्चीत होत्या. काकांनी मशीनवरचं कापड ओढून काढलं, पिन लावली, बटण दाबलं आणि मशीनच्या लोखंडी चाकावर हात ठेवला. काकूंचा उजवा हात दिवसभर ज्या चाकावर असायचा तेच चाक.

"मुंग्या," काका म्हणाले.

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "तुमाला बी सुरू झालं? देवा. आता दोघांचं कोन करनार?"

काकांना हसायला आलं की रडायला ते मला समजलं नाही. ते म्हणाले, "अगं, हे तुझ्या हातात नाही. मशीनमध्ये आहे." काकूंना ते कळेना. मी वरून टेस्टर आणून मशीनला लावला तर त्यातला दिवा मंद पेटला. फ्रिजला लावला, पेटला. तेव्हा मला वरच्या घूंचा अर्थ लागला. घरातल्या प्रत्येक यंत्रातून थोडा थोडा करंट सुटतो आणि अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत उतरतो. ती वायर अंगणातल्या एका खड्ड्यात जाते, कोळसा आणि मीठ भरलेल्या. पण तिथली माती ओली असली तरच. माती सुकली की करंटाला खाली वाट नाही, मग तो तसाच वायरीवर फिरत राहतो. फ्रिजवर, माझ्या गिटारीत, काकूंच्या मशीनवर.

"खड्डा कुठंय काका?" मी विचारलं.

काका मागच्या दारानं अंगणात गेले आणि धुण्याच्या दगडाजवळ, कडुनिंबाच्या बुडाशी जाऊन थांबले. जमीन तडकली होती. त्यांनी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, खालून कोरडा कोळसा निघाला. मग त्यांनी आपल्याच पाइपाकडं बघितलं. सिमेंट लावलेल्या, गल्लीला दाखवलेल्या.

"इथलं पाणी मी वळवलं," म्हणाले. "थेंबन् थेंब."

त्यांनी मला सांगितलं, "तू वर जा. कानाला लावून बस. गळती थांबली की ओरड." मी म्हटलं आधी स्लिपर घाला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पाय अनवाणी आहेत.

वर हेडफोन लावून बसलो. गिटार मांडीवर, तारांना हात नाही, कानात घूंऽऽ. खिडकीतून खाली दिसत होतं. काकांनी टँकरच्या पाण्याच्या ड्रमचं झाकण काढलं. ज्या माणसानं डोक्यावरून अंघोळ केली म्हणून भाडेकरू घालवला, तो मीठ घातलेली बादली जमिनीत ओतत होता. चांगलं पाणी. एकदाही न वापरलेलं. माती ते गटागटा पीत होती आणि काका दुसरी बादली भरत होते.

"कमी झालं?"

"नाही काका."

"आता?"

"थोडं. ओता अजून."

पलीकडचे मास्तर कंपाउंडपाशी येऊन बघत होते. काका पाणी फेकतायत हे बघून ते काही विचारण्याच्या पलीकडं गेले होते. मग घूं खाली बसायला लागली. पातळ झाली, आणखी पातळ झाली, आणि एका क्षणी मला कळलं की मी ती ऐकतोय असं मला फक्त वाटतंय. मी तळवा तारांवर टेकून एक ठोका मारला आणि हात थांबवला. ठोका आला आणि मागं काहीच राहिलं नाही. इतके महिने जे शोधत होतो ते मिळालं होतं, आणि खरं सांगतो, मी ते तिथंच खाटेवर टाकलं आणि जिन्याकडं पळालो. "गेलं काका, गेलं."

दुसऱ्या दिवशी वायरमन चाचांनी येऊन खड्डा नीट भरून दिला, मशीनची मोटारही बदलली. काकांनी त्यांना टॉवरवरून चार शब्द ऐकवले आणि चाचांनी ते हसत ऐकून घेतले. पाइप काकांनी स्वतः फोडला. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मी खाली पोचलो तेव्हा काका चिखलाच्या पायांनी मशीनपाशी उभे होते आणि काकूंना बोलावत होते.

"ये. हात लाव."

"नको."

"मी लावलाय. बघ, अनवाणी उभा आहे. काही नाही. ये तू."

"नको हो. परत आल्या तर?"

काकांनी चाकावरचा हात हलवला नाही. शेवटी काकू उठल्या, आल्या, उजव्या हाताचं एक बोट चाकाला लावलं आणि चटकन मागं घेतलं. मग दोन बोटं. मग पूर्ण पंजा. काकूंनी चाक जरा फिरवलं. सुई खाली गेली, वर आली.

"आहे?" काकांनी विचारलं.

"नाय."

"नीट बघून सांग."

"नाय म्हनलं ना. लोखंड हाय नुसतं. गार हाय."

त्या तशाच हात ठेवून बसल्या. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसलं नाही. आणि मग त्यांना सगळा उलगडा झाला. त्या काकांकडं वळल्या आणि जे सुरू झाल्या ते सुरूच. "म्हंजी तुमच्या त्या मेल्या पाइपापायी? इतकी इंजेक्शनं टोचून घेतली मी. कडू काढे प्याले. रोज देवाला म्हनत होते, बाबा, ने पर वाचा नेऊ नको. तुमाला भाकऱ्या शिकवीत बसले, माझ्या मागं खाल काय म्हनून. आन् तुमी पानी वाचवीत होता? कुनासाठी वाचवीत होता?" स्लिपर, टँकर, माहेरचं लग्न, आधीचा भाडेकरू, सगळं निघालं. श्वास घ्यायला थांबत नव्हत्या.

मला वाटलं आता मध्ये पडावं. बिचारे चिखलात उभे, मान खाली. म्हटलं, "काकू, जाऊ द्या ना आता."

काकांनी मला हातानं थांबवलं. मान तिरपी होती, डोळे मिटलेले.

"बोलू दे," म्हणाले. "ऐक की. एक शब्द अडखळत नाही तिचा."